हत्ती विकणे आहे

(द्वितीय वर्ष, कला)

द्वारका म्हटले की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे समुद्र, सोन्याची नगरी आणि श्रीकृष्ण उभा राहतो. आमच्या नाशिकच्या द्वारकेत यांतले काहीही नाही. ती एक चौफुली आहे. मुंबई-आग्रा रस्ता इथून जातो, पुण्याचा रस्ता इथून फुटतो आणि नाशिकरोडला निघालेला प्रत्येक जीव इथे निदान एकदा तरी अडकतो. वर उड्डाणपूल आहे. ज्यांना नाशकात काही काम नाही ते त्यावरून भरधाव निघून जातात. ज्यांना काम आहे ते सगळे खाली. त्या खालच्या गर्दीत, भाड्याच्या टेम्पोंच्या रांगेत, तेरा वर्षे आमचा हत्ती उभा राहत असे.

हत्ती म्हणजे छोटा हत्ती. टाटांनी २००५ साली काढलेल्या या चारचाकी टेम्पोचे कंपनीने ठेवलेले नाव वेगळे आहे, पण ते मी रांगेत कोणाच्या तोंडून ऐकलेले नाही. दोन सिलिंडरचे इंजिन, पाऊण टन माल नेण्याची कागदोपत्री परवानगी (प्रत्यक्षात किती नेतात ते विचारू नये), आणि जुन्या नाशकातल्या बोळातही शिरेल एवढे अंग. नानांनी तो २०१२ साली बँकेचे कर्ज काढून ३,६०,००० रुपयांना घेतला. त्याच्या हौद्यातून कांद्याची पोती गेली, द्राक्षांचे क्रेट गेले, बदली झालेल्या साहेबांची कपाटे गेली, मंडळाचे गणपती गेले. माझी बारावीपर्यंतची फी त्याच हौद्यातून आली.

गेल्या पावसाळ्यात नानांची कंबर धरली ती सुटेना. डॉक्टरांनी ओझे आणि खड्डे दोन्ही बंद सांगितले. नाशकात टेम्पो चालवायचा आणि खड्डे टाळायचे, हे डॉक्टरांनाच जमले तर जमले. दिवाळीनंतर नानांनी गाडी विकायचे ठरवले आणि एका रात्री जेवताना मला म्हणाले, "आपल्या घरात कालिजात गेलेली तू पहिली. त्यात तुझं अर्थशास्त्र. मग सांग आता, आपल्या गाडीचा भाव काय मांडायचा?"

वाचकहो, मागणी-पुरवठ्याच्या दोन वक्ररेषा मी परीक्षेत झोपेतसुद्धा काढून दाखवीन. पण त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे आमचा टेम्पो उभा असलेला मी कधी पाहिला नव्हता.

आमच्या आजोबांना हा प्रश्न कठीण गेला नसता. ते घोटीच्या बैलबाजारात बैल घेत-विकत. बैलाचे वय त्याच्या तोंडात लिहिलेले असते: आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला. भाव हेड्याच्या हाती. रुमालाखाली बोटे धरायची, दाबायची, सोडायची. भोवतालच्या गर्दीला एक आकडा कळत नसे. नाना सांगतात, आजोबा बैलाची खोड आधी सांगत आणि मग बोटे पुढे करीत. मारका आहे, बसका आहे, पाण्यात उतरत नाही. ही प्रामाणिकपणाची हौस होती की धंद्याची रीत, ते मला तेव्हा उमगले नव्हते.

मी सुरुवात केली ती पुस्तकापासून. हिशेबात घसारा नावाची गोष्ट असते. दरवर्षी उरलेल्या किमतीतून ठराविक टक्के वजा करत जायचे. प्राप्तिकराच्या नियमांत मोटारींना साधारण १५ टक्के आणि भाड्याने चालणाऱ्या मालगाड्यांना ३० टक्के घसारा धरतात. १५ टक्क्यांनी तेरा वर्षे घासली तर आमच्या ३,६०,००० रुपयांचे उरतात साधारण ४३,५००. आणि ३० टक्क्यांनी घासली तर साडेतीन हजारसुद्धा पुरते उरत नाहीत! मी हे वाचून दाखवले तेव्हा नाना हसले नाहीत. म्हणाले, "तेवढ्याची तर नुसती स्टेपनी आहे."

मग विम्याचा तक्ता पाहिला. विमा कंपन्या गाडीची किंमत कशी धरतात याचा ठरलेला उतार आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के कमी, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, पुढे ३०, ४०, आणि पाचव्या वर्षी ५०. मी बोटाने खाली खाली सरकत गेले तर पाच वर्षांवर तक्ता संपला! त्यापुढची किंमत काय, तर विमा देणारा आणि घेणारा आपसांत ठरवतील ती. मला या ओळीची गंमत वाटली. पाच वर्षांपर्यंत गणित आणि त्यापुढे बोलणी. एवढी मोठी माणसे जिथे हात टेकतात, तिथून पुढे आठ वर्षांचा आमचा हत्ती उभा.

अर्थशास्त्राच्या सरांना विचारले. ते म्हणाले, "जुन्या वस्तूची किंमत तिच्या वयावर नसते, ती घेणाऱ्याला दुसरे काय मिळते यावर असते." आणि त्यांनी बजाज स्कूटरची गोष्ट सांगितली. परमिटच्या जमान्यात स्कूटरची नोंदणी केली की ती हाती येईपर्यंत वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे वापरलेली स्कूटर नव्या स्कूटरच्या छापील किमतीपेक्षा महाग जात असे. म्हणजे माणसाने स्कूटर दोन वर्षे फिरवायची आणि वर नफ्यात विकायची. आज ऐकून खोटे वाटते.

आमच्या बाबतीत वारे बरोबर उलटे होते. जून २०२५ मध्ये चार लाखांच्या आतली नवी छोटी मालगाडी बाजारात आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मालगाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीने मान खाली घालायचीच. रांगेत काही जण म्हणत होते, "नाना, थांबा. २०२७ चा सिंहस्थ येतोय, गाड्यांना सोन्याचा भाव येईल." पण २०२७ मध्ये हत्तीला पंधरा वर्षे होणार, आणि पंधरा वर्षांनंतर व्यावसायिक गाडीच्या पासिंगची फी चांगलीच वाढते. शिवाय कंबर २०२७ ची वाट पाहायला तयार नव्हती.

मग मी एक दोनशे पानी वही घेतली आणि कॉलेज सुटल्यावर पंधरा दिवस हिंडले. जुन्या गाड्यांचे दलाल, गॅरेजवाले, रांगेतले चालक. पहिल्या दिवशी सगळ्यांनी मला हाकलले नाही एवढेच. पोरगी टेम्पोचा भाव विचारते म्हणजे काहीतरी लफडे असणार, असे त्यांच्या तोंडावर दिसे. नानांचे नाव सांगितले की सूर बदलायचा. एका दलालाने आमच्यासारखी गाडी १,४५,००० ला लावली होती. त्यालाच मी विचारले, आमची किती ला घ्याल? तो म्हणाला, "पंच्याऐंशी." या दोन आकड्यांमध्ये साठ हजारांची दरी. तिच्यात रंगकाम आहे, जागेचे भाडे आहे, गिऱ्हाइकाची वाट पाहणे आहे आणि दलालाच्या मुलीचीही फी असेल. मी त्याला दोष देत नाही. पण दलालाचा एकही आकडा आमच्या कामाचा नव्हता.

कामाचा आकडा तिसराच असतो, आणि तो कोणी पाटीवर लिहीत नाही: गाडी खरोखर कितीला गेली. मागणारा काहीही मागतो. मी विकणाऱ्यांपेक्षा नुकत्याच घेणाऱ्यांना गाठू लागले, कारण विकणारा जास्त सांगतो, घेणारा कमी सांगतो, आणि दोघांना वेगवेगळे विचारले की खरे मधे सापडते. वहीत सात गाड्या जमल्या. साल, कितवा मालक, पासिंग कधीपर्यंत, मागितले किती, मिळाले किती. २०११ ते २०१३ च्या, रंगवलेल्या, धड चालणाऱ्या गाड्या १,३०,००० च्या आसपास गेल्या होत्या. मागितल्यापेक्षा दहा-पंधरा हजारांनी कमी.

तिथून आमच्या गाडीपर्यंत यायचे. आमची पहिल्या मालकाची, २०२३ साली इंजिन बांधलेले, पासिंग ऑगस्टमध्येच झालेले: अधिक १०,०००. पुढचे दोन्ही टायर गुळगुळीत: वजा ७,५००. दरवाजांचा पत्रा आणि रंग: वजा ८,०००. राहिले १,२४,५००.

नानांना मात्र हा आकडा लागला. त्यांच्या मनात १,६०,००० होते. "इंजिनाला चाळीस हजार घातलेत मी, दिसत नाहीत का तुझ्या वहीला?" दिसत होते. पण घेणारा इंजिनाचे बिल विकत घेत नाही, इंजिन घेतो. सर याला बुडीत खर्च म्हणतात. परदेशात काही प्राध्यापकांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग फुकट दिले आणि ते विकायला लावले. ज्यांच्या हाती मग होता त्यांनी सांगितलेली किंमत, घेणाऱ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट निघाली! आणि मग हातात येऊन तासही झाला नसेल. नानांचा टेम्पो तर तेरा वर्षांचा. त्यांनी फक्त पस्तीस हजार जास्त धरले, हे मला त्या मानाने फारच विचारी वाटले.

आई एवढा वेळ भाकरी थापत होती. ती म्हणाली, "हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा म्हणतात. अन् आपला तर चालतोय." झाले! जे मी पंधरा दिवसांत वहीतून काढले ते म्हणीत तयार होते. नानांनाही म्हणीचे पटले, वहीचे पटले नव्हते.

पण वहीत एक ओळ अजून लिहायची होती. २०१९ साली कसारा घाटात एका ट्रकने हत्तीला मागून धक्का दिला. हौद्याखाली चेसिसला चीर गेली. ती वेल्ड करून, वर पट्टी मारून, काळा रंग दिलेला आहे. सहा वर्षांत काही झालेले नाही. टॉर्च घेऊन पाठीवर सरपटत खाली गेल्याशिवाय ती दिसतही नाही. ओळखीच्या मिस्त्रीने सांगितले, घेणाऱ्याला कळले तर पंधरा हजार तुटतील. आणि दलालाने सांगितले, "कळेल कसं? तोंड बंद ठेवा."

म्हणजे तोंड बंद ठेवले तर १,२४,५००. उघडले तर १,०९,५००. पतसंस्थेचे इंजिनासाठी काढलेले कर्ज साठ हजार राहिले होते. आमच्या घरात पंधरा हजार म्हणजे काय, हे मी इथे लिहीत नाही.

याच सुमारास सरांनी वर्गात जॉर्ज अकर्लॉफ शिकवला. जुन्या मोटारींच्या बाजारावर त्याने एक छोटा निबंध लिहिला. तीन नियतकालिकांनी तो परत पाठवला, चौथ्याने १९७० साली छापला, आणि २००१ साली त्याला दोघांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणणे साधे आहे. गाडीची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी खोडीची आहे असे धरूनच भाव देतो. त्या भावात चांगली गाडी विकणे परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि मागे खोडीच्याच उरतात. अमेरिकेत अशा गाडीला लिंबू म्हणतात. आमच्याकडे लिंबू गाडीला बांधतात, मिरच्यांसकट, तिला दृष्ट लागू नये म्हणून. वर्गात मला एकटीलाच हसू आले. पण त्या तासाला आजोबा समजले. हेड्यांच्या बाजारात बैलाची खोड आधी सांगणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांनाही भाव येतो. ती त्यांची रीतही होती आणि धंदाही.

नानांनी अकर्लॉफ ऐकला नव्हता. पहिले गिऱ्हाईक सिन्नरकडून आले. गाडी फिरवून पाहिली, इंजिन ऐकले, धूर पाहिला, १,२०,००० वर आले. मी आतून चहा घेऊन येते तो नाना, त्या कंबरेने, टेम्पोखाली आडवे! टॉर्च मारून त्या माणसाला वेल्डिंग दाखवत होते. माणूस बाजूला जाऊन फोनवर बोलला आणि परत येऊन म्हणाला, "पंच्याण्णव." नाना म्हणाले, "मी चीर दाखवली ती पंधराची. तुम्ही पंचवीस कापताय. ती नसलेली दहाची चीर मला दाखवा." सौदा मोडला. आई दोन दिवस कोणाशी बोलली नाही.

मग दादा आला. दादा म्हणजे नानांचा जुना हेल्पर. पंधरा-सोळाचा असताना हौदा धुवायला आला आणि गाडी शिकून गेला. कसारा घाटात त्या रात्री तो गाडीतच होता. पाच-सहा वर्षे दुसऱ्याची गाडी चालवून त्याने पैसे साठवले होते. त्याला काही दाखवायचे नव्हते. खोडीची त्याला आमच्याइतकीच माहिती. तो चहा पिऊन म्हणाला, "नाना, तुम्ही सांगाल ते. पासष्ट आत्ता हाईत. बाकीचं म्हैन्याला चार हजारांनी देतो."

आणि इथे खरी पंचाईत झाली. घासाघीस ही किती सोयीची गोष्ट असते ते मला तेव्हा कळले! समोरचा ओढतो, आपण ओढतो, जिथे दोर थांबेल तो भाव. चुकला तर दोघांचा. पण समोरच्याने दोर आपल्याच हाती दिला म्हणजे काय करायचे? नानांनी मला विचारले, "वहीत काय हाये?" मी वाचले: १,०९,५००. नाना थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "एक पाच कर."

आई आतून म्हणाली, "का म्हणून?" माझ्याही मनात तेच होते. नाना म्हणाले, "त्या रात्री घाटात मी गाडीपाशी त्याला एकट्याला सोडून क्रेन आणायला गेलो. पावसात बसला व्हता पहाटेपर्यंत. त्याचे पैसे मी कधी दिले नाहीत." आई यावर काही बोलली नाही. मला मात्र ते पूर्ण पटले नाही, आजही पटलेले नाही. ऋण फेडायचे असेल तर जरूर फेडावे, पण ते भावात मिसळू नये. नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी वही घेऊन हिंडेल आणि छोटा हत्ती १,०५,००० ला गेला असे लिहून घेईल. म्हणून मी वहीत दोन ओळी लिहिल्या. गाडीचा भाव १,०९,५००. घाटातल्या रात्रीचे ४,५०० वजा. नाना म्हणाले, "लिही काय लिहायचं ते."

राहिले कागद. बँकेचे कर्ज २०१७ मध्येच फिटले होते, पण आरसी बुकावर बँकेचा बोजा तसाच होता. ट्रंकेतून ना-हरकत पत्र काढून, फॉर्म ३५ भरून तो उतरवावा लागला. मग नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, ज्यांना पेठ रोडवरच्या आरटीओत सगळे टीटी फॉर्म म्हणतात. रांगेतल्या शहाण्यांनी नानांना सल्ला दिला: चाळीस हजार येईपर्यंत गाडी आपल्याच नावावर ठेवा, पोरगं बुडवणार नाही. सल्ला चुकीचा होता. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवले आहे की अपघात झाला तर आरटीओच्या दप्तरात ज्याचे नाव, तोच मालक धरला जाईल. गाडी पुढे कितीही हातांत गेली असली तरी. म्हणजे चाळीस हजारांच्या तारणासाठी नानांनी कितीतरी लाखांच्या दाव्याला मान द्यायची. आणि नाव बदलून दिले तर चाळीस हजारांना आधार काय? पाचशेच्या मुद्रांकावरचा एक कागद आणि दादाचा शब्द.

नानांनी सही केली. मी गाडी ताब्यात दिल्याची चिठ्ठी लिहिली, तारीख आणि वेळेसकट, कारण त्या मिनिटानंतरचा दंड आमच्या मोबाईलवर येऊ नये. ११ डिसेंबर २०२५, दुपारचे ४ वाजून २० मिनिटे. दादाने किल्ली घेतली आणि नानांना म्हणाला, "बसा, घरी सोडतो." नाना पहिल्यांदाच डाव्या बाजूला बसले.

पासष्टातले साठ त्याच आठवड्यात पतसंस्थेत गेले. नाना आता एका दुकानात माल मोजून देतात. खुर्ची आहे, पंखा आहे, खड्डे नाहीत. रांगेतले लोक विचारतात, हत्ती गेला, शेपूट कधी येणार? शेपूट दहा तुकड्यांत यायचे आहे. जानेवारीचे चार हजार पाच तारखेला आले, फेब्रुवारीचे बाराला, मार्चचे दोन हप्त्यांत, दोन-दोन हजार करून. मी प्रत्येक वेळी तारीख घालून वहीत लिहिते आणि दादाची सही घेते. तो म्हणतो, "ताई, सही कशाला?" मी म्हणते, "वहीला सवय आहे." एप्रिलचा अजून यायचा आहे.